‘लाकडाशी भांडण हाय का तुजं?’

ती. मावशीस,
शि. सा. न.

पत्रात नाव घालशील तर वस्तीवर पाय ठेवू देणार नाही, असा दम तुम्ही दिलाय, म्हणून नुसतं मावशी. मोहोळच्या अलीकडे, ओढ्याकाठी राहणाऱ्यांना कळायचं ते कळेलच.

गेल्या माघात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सरपणाचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुण्यात १२ वर्षं गॅसचा नंबर लावण्यापलीकडे मी जळणाचा विचार केला नव्हता. सिलिंडर आमच्याकडेही आहे, पण आईची भाकरी चुलीवरची आणि बाबांच्या आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबातलं. यावर घरात चर्चा होत नाही.

पहिल्याच दिवशी मी बांधावरच्या चिंचेकडे कुऱ्हाड घेऊन निघालो आणि तुम्ही पलीकडून ओरडलात. चिंच, आंबा, जांभूळ तोडायला परवानगी लागते, १९६४चा कायदाच आहे तसा, हे मला मागाहून कळलं. तुम्ही कायद्याचं काही बोलला नाहीत. “उन्हाळ्यात बसशील कुठं?” एवढंच विचारलंत आणि ओढ्यातली वेडी बाभूळ दाखवलीत. मूळची पार मेक्सिकोकडची ती, आता आपल्या प्रत्येक ओढ्यात आहे. बुंधा ठेवून तोडली की पुन्हा फुटतेच. तिचा काटा रबरी चप्पल भेदून टाचेत जातो, हे मात्र तुम्ही सांगायच्या आधीच मला समजलं होतं.

फोडायला बसलो तेव्हाचं तर बाबा अजून सगळ्यांना सांगतात. ओंडका थेट मुरुमावर उभा केला आणि जीव खाऊन घाव घातला. तिसऱ्या घावाला कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि बाबांच्या बाजेखाली जाऊन पडलं. बाजेवरच्या माणसाने “कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ” म्हणून हसावं, यात माझी लाज किती गेली ते तुम्ही समोरच होतात म्हणून सांगत नाही. दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, “वाळला की पुन्यांदा ढिला. पाचर मार.” आणि बसून बाभळीची पाचर तासून दिलीत.

मग ते वाक्य. मी दात-ओठ खाऊन एकाच लाकडावर दहा-बारा घाव घातले होते आणि तुम्ही माझ्या हातातून कुऱ्हाड काढून घेतलीत. “लाकडाशी भांडण हाय का तुजं? आदी बघ की त्येच्याकडं.” मी बघितलं. मला लाकूड दिसलं. तुम्हाला त्याच्या तोंडावरची बारीक भेग दिसली, एका अंगाची गाठ दिसली. एक रुंद ओंडका खाली पाट म्हणून ठेवलात, त्यावर ते लाकूड गाठ तळाशी करून उभं केलंत, भेगेच्या रेषेत घाव घातलात. जोर काही फार दिसला नाही. गुडघे जरासे वाकले, कुऱ्हाड आपल्याच वजनाने खाली आली आणि लाकडाची दोन शकलं झाली. साठीतल्या बाईने. मी जिमला पैसे भरत होतो, मावशी.

अडकलेल्या कुऱ्हाडीला हिसडे मारायचे नाहीत, लाकडासकट उचलून उलटी करायची आणि पाटावर आपटायची. गाठाळ लाकडाच्या मधोमध जायचंच नाही, कडेकडेने ढलप्या काढत आत यायचं. आणि तरीही ऐकलं नाही तर ते बाजूला ठेवायचं, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या थंडीत शेकोटीला होतं. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. सोडून देणं मला जमत नाही.

आईने छाटलेली कण्हेर मी तुराट्यांबरोबर चुलीशी ठेवली होती, ती तुम्ही एकही शब्द न बोलता उचलून उकिरड्यावर फेकलीत. तिचा धूरसुद्धा विषारी असतो हे माहीत नसताना मी घरच्यांना भाकरी खाऊ घालणार होतो.

रचायचं कसं, तेही तुम्हीच दाखवलंत. खाली दगड, मधून वारा खेळायला फट, वर पत्रा, बाजू उघड्या. हात घालायच्या आधी काठी आपटायची. पावसाळ्यात तिसऱ्या थरातून फुरसं निघालं, तेव्हा माझ्या हातात काठी होती. हे तुम्हाला मी आजवर सांगितलं नव्हतं, ओरडला असतात.

ओल्या लाकडाचा बराच जाळ त्यातलं पाणी उडवण्यातच जातो, हे मी वाचून सांगायला आलो तर तुम्ही म्हणालात, “आन् उरल्याला डोळ्यात जातो.” माघात फोडलेलं लाकूड चैत्र-वैशाखाच्या उन्हात असं वाळलं की दोन तुकडे एकमेकांवर मारले तर खणखण वाजायचे. मृगाच्या आधी झाकलं. तेच या जानेवारीपर्यंत पुरलं आणि आईचे डोळे यंदा चुलीपुढे लाल झाले नाहीत. ती तुम्हाला हे स्वतः सांगणार होती, पण तुम्ही भेटलात की तुमचं दोघींचं दुसरंच काहीतरी सुरू होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा, आईकडून कळली. मला शिकवण्यात गेला तो दिवस सुगीतला होता. गावात ज्वारीची काढणी चालू होती आणि तुम्ही त्या दिवशीचा रोज बुडवला होतात. मी चहा पुढे केला होता, तोही तुम्ही अर्धाच घेतलात, कारण साखर कमी होती.

पैसे दिले तर तुम्ही काय कराल ते मला ठाऊक आहे. म्हणून तो दिवस सावडीचा धरा. तुमच्या दोन एकरांतली ज्वारी परवापासून काढायची आहे, असं कानावर आलंय. मी पहाटे येतो. ज्वारी उपटायची कशी ते मात्र मला येत नाही, तेवढं दाखवावं लागेल.

तुमचा,
बाजेवाल्यांचा थोरला