कात्री, ७९ सेंट

डेस प्लेन्स, इलिनॉय
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

बाबा, परवा फोनवर मी तीनदा ओरडून सांगितलं, "वही वाचली!" आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "दही लावलंस? बरं केलंस." तेव्हाच ठरवलं, आता पत्रच लिहायचं. अक्षरं मुद्दाम मोठी ठेवली आहेत, दादा छापून आणून देईल. आई, यांचा चष्मा सापडेपर्यंत तूच वाचून दाखव. मात्र जिथे तुझं नाव येईल तिथे गाळू नकोस.

गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेतून तुमची हिशेबाची वही मी जवळजवळ पळवूनच आणली. सप्टेंबर १९५५ ते जून १९५७, इलिनॉय विद्यापीठात शिकतानाची अर्बानामधली पावणेदोन वर्षं. पाठीमागच्या पानांवर ट्रान्झिस्टरची सर्किटं, पुढे पैचा हिशेब. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून "आमच्या वेळी पंधरा सेंटला हॅम्बर्गर" हे वाक्य किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. मी इथे नोकरीला लागले तेव्हा ऐकलं, घर घेतलं तेव्हा ऐकलं, मागच्या मार्चमध्ये अंडी महागली म्हणून कुरकुर केली तेव्हाही ऐकलं. म्हटलं, एकदा वही उघडून हिशेबच करू.

पहिले चार महिने तुम्ही प्रत्येक आकड्यापुढे रुपये-आणे लिहिलेत. डॉलर म्हणजे चार रुपये बारा आणे. पाव १८ सेंट, पुढे कंसात पावणेचौदा आणे. दूध, साधारण शेरभर भरेल अशी बाटली, २४ सेंट, एक रुपया दोन आणे. डझनभर अंडी ६० सेंट, आणि पुढच्या दोन रुपये साडेतेरा आण्यांखाली दोन रेघा मारल्यात. घरी पाठवायचं हवाई पत्र १० सेंट, साडेसात आणे, आणि शेजारी बारीक अक्षरात, "आठवड्याला एकच." आजी म्हणायची ना, की बाळ्याला आमची आठवण आठवड्यातून एकदाच येते? आता कळलं का ते.

मग १४ जानेवारी १९५६ची नोंद: "तिळगूळ नाही. शेंगदाणे २९ से., साखर होती." त्या दिवसापासून आणे बंद. पुढे एकदाही रुपयात हिशेब नाही. मी इथे आले तेव्हा मलाही असंच झालं होतं, पण मला वर्ष लागलं. तुम्ही संक्रांतीलाच सुटलात. (एप्रिल १९५७मध्ये आपल्याकडे नवे पैसे आले, तेव्हा तुम्ही तिथेच होतात. म्हणजे जे आणे तुम्ही मोजायचे सोडलेत, ते परत येईपर्यंत देशानेच सोडले होते.)

आता तुमच्या पंधरा सेंटकडे येते. वहीत जुलै १९५६ला शिकागोची सहल आहे, मित्राच्या गाडीतून. "डेस प्लेन्स, बटाटे १०, कोका-कोला १०." गंमत बघा, मी आज ज्या गावात राहते तेच हे गाव. रे क्रॉक यांचं मॅकडोनाल्ड्सचं दुकान इथे एप्रिल १९५५मध्ये उघडलं. तुम्ही सगळ्यांना "जगातलं पहिलं" म्हणून सांगत आलात, पण मॅकडोनाल्ड बंधूंचं स्वतःचं दुकान कॅलिफोर्नियात त्याआधीपासून चालू होतं. तुमचं पहिलं ते क्रॉकसाहेबांचं पहिलं. ते १९८४मध्ये पाडलं, तिथे हुबेहूब तसं संग्रहालय बांधलं, आणि नदीचं पाणी सारखं शिरतं म्हणून काही वर्षांपूर्वी तेही पाडलं. पाटीवरचे भाव मात्र तुम्ही बरोबर सांगत होतात: हॅम्बर्गर १५, चीजवाला १९, मिल्कशेक २०.

पण तुमच्या नावावर हॅम्बर्गर नाही, बटाटे आहेत. आजीच्या पायावर हात ठेवून तुम्ही शपथ घेतली होतीत ना, की तिथे फक्त बटाटे खाल्ले. ती शपथ खरी निघाली. आता बसून घ्या. ते बटाटे १९९०पर्यंत गाईच्या चरबीत तळायचे. आई, हसू आवर आणि पुढे वाच.

बाबा, वसतिगृहाच्या भोजनगृहात भांडी घासायचे तुम्हाला तासाला ७५ सेंट मिळत होते. १ मार्च १९५६पासून देशाच्या कायद्याने किमान मजुरी ७५ सेंटांवरून एक डॉलर झाली. तुम्ही वहीत त्या तारखेला उद्गारचिन्ह काढलंय आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ७५च मांडलेत. सरकारी विद्यापीठाच्या स्वयंपाकघराला तो कायदा तेव्हा लागू नव्हता. म्हणजे पंधरा सेंट म्हणजे बारा मिनिटं भांडी. आज इलिनॉयमध्ये किमान मजुरी तासाला १५ डॉलर आहे. बारा मिनिटांचे तीन डॉलर होतात. आणि साधा हॅम्बर्गर आज मिळतो अडीच-तीन डॉलरला. एवढी वर्षं ऐकवलंत, आणि बारा मिनिटांचे बाराच मिनिटं राहिले!

अंड्यांचं तर उलटंच आहे. तुमच्या डझनाला ४८ मिनिटं घासावं लागत होतं. या मार्चमध्ये अंडी देशभर सरासरी ६ डॉलर २३ सेंट डझन झाली, आजवरचा उच्चांक, पेपरात रोज बोंब. तरी ती किमान मजुरीच्या पंचवीस मिनिटांत येत होती. तुमच्याच विभागातल्या प्राध्यापक बार्डीन यांना १ नोव्हेंबर १९५६च्या सकाळी ट्रान्झिस्टरसाठीचं नोबेल रेडिओवर कळलं, ते तेव्हा न्याहारीची अंडी परतत होते आणि तवा हातातून निसटला, ही गोष्ट तुम्ही रंगवून सांगता. साठ सेंट डझनाची अंडी ती, हे आज लक्षात आलं.

टीव्हीचं तर विचारूच नका. सगळ्यात स्वस्त रंगीत संच १९५६मध्ये ४९५ डॉलर, तुमचे ६६० तास. म्हणून सगळी गल्ली तुमच्या घरमालकीणबाईंच्या दिवाणखान्यातल्या काळ्या-पांढऱ्या डबड्यासमोर बसायची, आणि शेजारच्या शँपेन गावचं चॅनल तीन लावायची. मंगळवारी चौसष्ट हजार डॉलरचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम, ज्यात काचेच्या खोलीत उभ्या माणसाचा घाम बघून तुम्हाला घाम फुटायचा. दोनच वर्षांनी या सगळ्या प्रश्नमंजुषांची लबाडी बाहेर आली, हे तुम्ही पुण्यात वाचलं असेल किंवा वाचूनही आम्हाला सांगितलं नसेल.

आणि एल्व्हिस. तुमची गोष्ट अशी: टीव्हीवर एड सलिव्हनने आपल्या कार्यक्रमात त्या गायकाची ओळख करून दिली, एल्व्हिस कंबर हलवायला लागला, घरमालकीणबाईंनी डोळ्यांवर हात घेतला पण बोटं फाकवून, आणि कॅमेऱ्याने कमरेखालचं दाखवलंच नाही. बाबा, ह्या दोन रात्री आहेत. ९ सप्टेंबर १९५६ला, जेव्हा सहा कोटी लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, तेव्हा सलिव्हन मोटार अपघातामुळे आलेच नव्हते. त्यांच्या जागी नट चार्ल्स लॉटन होते. कमरेपर्यंतच दाखवलं ते ६ जानेवारी १९५७ला. बाईंच्या बोटांबद्दल मात्र मी काही शंका घेत नाही.

आई, आता तुझा टोस्टर. इतकी वर्षं तू समजत होतीस की यांनी तो विकत आणला आणि डोकं न वापरता आणला. वहीत टोस्टरचा खर्च नाहीच. घरमालकीणबाईंनी दिला. दुकानात दहा सेंटच्या मालावर एक हिरवं तिकीट मिळायचं, ते थुंकी लावून पुस्तिकेत चिकटवायचं, बाराशे तिकिटांची एक पुस्तिका, आणि भरलेल्या पुस्तिका दिल्या की वस्तू. म्हणजे त्या बाईंनी हजारो तिकिटं जिभेने ओली करून तुमच्या संसाराला टोस्टर दिला, संसार व्हायच्या दोन वर्षं आधी. तो ११० व्होल्टचा निघाला आणि पुण्यातल्या २३० वर पहिल्याच दिवशी "फट्" झाला, यात त्यांचा काय दोष? यांचा आहे. वीज शिकायला गेले होते.

इथपर्यंत वाचताना मी एकटीच हसत होते. मग एक गोष्ट खटकली.

वहीत सगळं आहे. दाढीची पाती आहेत, बुटाची नाडी आहे, चर्चमधल्या जेवणाला टाकलेले २५ सेंट आहेत. केस कापल्याची नोंद एकही नाही. पावणेदोन वर्षांत एकदाही नाही. फक्त २२ ऑक्टोबर १९५५ला, शनिवारी: "कात्री – ७९ से." त्या ओळीपुढे आणे नाहीत. संक्रांतीआधीची ही एकच ओळ तशी.

घरात आम्ही याला तुमचा चिक्कूपणा म्हणत आलो. तुम्हीच सांगायचात, न्हावी दीड डॉलर घ्यायचा, सात रुपयांत पुण्यात वर्षभर डोकं करून मिळेल, म्हणून आम्ही हिंदुस्थानी मुलं एकमेकांचे कापायचो. दादाचे आणि माझे केसही तुम्ही गॅलरीत पेपर पसरून कापायचात, कॉलेजला जाईपर्यंत. मी मान्य केलं होतं.

पण मध्यंतरी मी त्या काळातल्या अर्बाना-शँपेनबद्दल थोडं वाचलं. विद्यापीठाभोवतालच्या न्हाव्यांच्या दुकानांत काळ्या विद्यार्थ्यांचे केस कापत नसत. त्यासाठी तिथे विद्यार्थ्यांनी निदर्शनंही केली होती. तुम्ही अर्बानात होतात तेव्हाच, डिसेंबर १९५५मध्ये, दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला आणि वर्षभर पायी चालले. युद्धावरून आलेल्या शिपायांना सरकारी हमीवर, हातातले पैसे न भरता घरं मिळत होती; न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४९ला नवं घर ७,९९० डॉलरला होतं. पण काळ्या शिपायाला ते विकत नसत. आणि आपल्यासारख्यांना तर १९४६च्या कायद्याने सबंध हिंदुस्थानातून वर्षाला १०० जणांनाच इथे स्थायिक व्हायची परवानगी होती. मी लहानपणी विचारायचे, तुम्ही तिथेच का नाही राहिलात, आणि तुम्ही म्हणायचात, "तिथे गूळ मिळत नाही."

तुम्ही सावळे, उंच, पगडी नाही, तोंडात नीट इंग्रजी यायला अजून वेळ. २२ ऑक्टोबरला तुम्ही आधी एखाद्या दुकानात गेला होतात का? खुर्चीवर बसलात का? काय म्हणाले?

मी फोनवर विचारणार नाही. हे ओरडून विचारायचं नसतं. तुम्हाला सांगायचं नसेल तर दीड डॉलरचीच गोष्ट पुन्हा लिहा, मी तीही ठेवून देईन. लिहायला हात कापत असेल तर तुम्ही सांगा आणि आई लिहील.

बाकी इथे सगळे ठीक. नातवाची परीक्षा झाली. थंडी सुरू झाली आहे, दही खरंच लागत नाही.

आई, एक काम. स्वयंपाकघरात दाराशी खिळ्याला काळ्या मुठीची कात्री टांगलेली असते, जिने तू दुधाची पिशवी कापतेस. तिच्या पात्यावर आतल्या बाजूला काही इंग्रजी अक्षरं कोरलेली आहेत का, तेवढं पुसून बघ आणि कळव.

तुमची,
छकुली