पाचवी-सहावी मार्गिका : तारीख नेमकी कोणाची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उपनगरी रेल्वेच्या एखाद्या विस्तारकामाची मुदत वाढली की वर्तमानपत्रांत चार ओळींची बातमी येते. तीत ‘भूसंपादनामुळे विलंब’ हे कारण असते आणि पुढची तारीख असते. मूळ तारीख कोणती होती, ती कितव्यांदा बदलली, किती मीटरचा तुकडा अडला आहे आणि तो मोकळा करणे कोणत्या कार्यालयाच्या हातात आहे, हे मात्र वाचकाला कळत नाही. दोष बातमीदारांचा नाही. या चार गोष्टी एका कागदावर कोणीच जाहीर करत नाही.

कुर्ला ते सीएसएमटी पाचव्या-सहाव्या मार्गिकेचे उदाहरण घ्या. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) दुसऱ्या टप्प्यात २००८ साली मंजूर झालेले हे साडेसतरा किलोमीटरचे काम. त्याचे दोन भाग पाडले : कुर्ला ते परळ १०.१ किलोमीटर आणि परळ ते सीएसएमटी ७.४ किलोमीटर. कल्याणपासून कुर्ल्यापर्यंत पाचवी-सहावी मार्गिका आज सलग आहे. त्यातला ठाणे-दिवा हा जेमतेम ९ किलोमीटरचा तुकडाही २००८ चाच, आणि तो सुरू व्हायला फेब्रुवारी २०२२ उजाडले. पण कुर्ल्याच्या दक्षिणेला पुन्हा दोन धिम्या आणि दोन जलद अशा चारच मार्गिका राहतात. म्हणजे मेल-एक्स्प्रेस कुर्ल्यापर्यंत आपल्या रुळांवरून येते आणि तिथून जलद लोकलच्या रुळांवर शिरते. ऐन सकाळी लांबून उशिराने आलेली एक गाडी मध्ये घेतली की तिच्यामागच्या लोकल सिग्नलला एकामागे एक थांबतात आणि कोलमडलेले वेळापत्रक दुपारपर्यंत सावरत नाही. ठाणे-दिवा तुकड्यावरचा खर्च पूर्णपणे वसूल व्हायचा तर हे दक्षिणेचे टोक जोडले जायलाच हवे.

ते का जोडले जात नाही? कुर्ला स्थानकात हार्बरचे फलाट वर उचलले तरच खाली नव्या रुळांना जागा मिळते. तिथून सायन-धारावीच्या पट्ट्यात रुळांलगतची वस्ती आणि जमीन. आणि मग सायनचा रस्त्यावरचा पूल.

हा पूल १९१२ चा. तो धोकादायक असल्याचा अहवाल आयआयटी मुंबईने दिला होताच, पण रेल्वेच्या दृष्टीने अडचण आणखी एक होती. जुन्या पुलाचे आधार जिथे उभे होते तिथूनच नवे रूळ जायचे आहेत. म्हणून पूल पाडून आधारांमध्ये जास्त अंतर असलेला नवा बांधल्याशिवाय पाचवी-सहावी मार्गिका सायनपलीकडे सरकत नाही. पूल वाहतुकीला बंद करण्याची तारीख जानेवारी २०२४ पासून पुढे जात राहिली. आधी स्थानिकांचा विरोध, मग दहावी-बारावीच्या परीक्षा, मग लोकसभा निवडणूक. अखेर १ ऑगस्ट २०२४ रोजी तो बंद झाला. रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते महापालिकेने. अशा पुलाच्या पोटातून जलवाहिनी, वीज आणि दूरध्वनीच्या केबल गेलेल्या असतात. त्या हलवल्याशिवाय हातोडा चालत नाही, आणि त्या हलवणारी खाती पुन्हा वेगळी. खाली २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर असल्यामुळे तुळया चढवायच्या त्या मध्यरात्रीनंतर, वीज बंद करून, मोजक्या तासांत. यातले एक काम आठवडाभर मागे पडले तर त्यासाठी राखलेला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ, हातचा जातो आणि दुसरा कधी मिळेल ते गाड्यांच्या वेळापत्रकावर ठरते. पुलाचा विलंब हा असा साठत जातो. त्याला ‘तांत्रिक कारण’ म्हणून मोकळे होणे बरोबर नाही.

भूसंपादनाचेही तसेच. हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न थांबतात, पण कायद्यात त्याचे घड्याळ लावून दिलेले आहे. रेल्वे कायद्यानुसार विशेष प्रकल्पासाठी कलम २० ए खाली अधिसूचना निघते, हरकतींना ३० दिवस मिळतात. अधिसूचनेपासून एका वर्षात कलम २० ई खालची घोषणा झाली नाही, तर अधिसूचना रद्दबातल ठरते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. घोषणा झाल्यावर एका वर्षात भरपाईचा निवाडा द्यावा लागतो. हे सारे राजपत्रात छापले जाते. मग ‘भूसंपादन रखडले’ म्हणताना अमुक गटाची २० ए झाली, २० ई बाकी आहे, संयुक्त मोजणी अमुक तारखेला झाली, एवढे सांगणे अजिबात अवघड नाही. मोजणी झालेली नसेल तर ती कोणत्या कार्यालयाकडे पडून आहे हेही त्यातून आपोआप दिसेल.

झोपड्यांच्या जागेवर तर कायदेशीर संपादनापेक्षा पुनर्वसनाची घरे हाच खरा अडसर असतो. ऐरोली-कळवा उन्नत मार्ग त्यातच अडकला आहे. कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्या प्रवाशाला ठाण्यात उतरून गाडी बदलावी लागू नये म्हणून हा आठेक किलोमीटरचा जोड आखला. त्यातले दिघा गाव स्थानक बांधून झाले आणि तयार होऊनही उद्घाटनासाठी काही महिने बंद राहिले. ते १२ जानेवारी २०२४ रोजी खुले झाले, त्याच दिवशी खारकोपर-उरण मार्गही. पुढचा उन्नत भाग मात्र तिथल्या कुटुंबांना पर्यायी घरे दिल्याशिवाय होणार नाही. त्या कुटुंबांना ‘अतिक्रमण’ म्हणून हिशेबातून वगळणारे लोक चुकतात. एमयूटीपीत पुनर्वसनाची जबाबदारी पहिल्यापासून प्रकल्पाचाच भाग आहे. घरे कधी, कुठे आणि किती, याची तारीख रुळांच्या तारखेइतकीच ठळक छापायला हवी.

विरार-डहाणू चौपदरीकरणात खारफुटी आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार सार्वजनिक हिताचे काम असले तरी खारफुटी तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, आणि तसेच असायला हवे. खाडीकाठच्या गावांना भरतीच्या पाण्यापासून तीच वाचवते. इथे विचारायचा प्रश्न परवानगीला किती महिने लागले हा नाही. प्रकल्प मंजूर झाल्यावर वन विभागाकडे परिपूर्ण अर्ज कोणत्या दिवशी गेला, हा आहे. बदली वनीकरणाची जागा न दाखवता अर्ज केला की तो त्रुटी काढून परत येतो, आणि अशा फेऱ्यांतले महिने ‘पर्यावरण परवानगी’च्या नावे टाकले जातात. पनवेल-कर्जत मार्गावर वावर्ले इथला २,६२५ मीटरचा बोगदा खोदणे हे खरोखर कठीण काम होते. कठीण कामाला लागलेला वेळ आणि फायलीला लागलेला वेळ एकाच खात्यात मांडले की कष्ट करणाऱ्यावरही अन्याय होतो.

जागा मिळाल्यावर काम ब्लॉकवर येते. नवी मार्गिका जुन्या रुळांना जोडायची तर सिग्नल आणि सांध्यांचा मेळ राखणारी इंटरलॉकिंग यंत्रणा काही दिवस बाजूला ठेवून सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड, बदलावे लागतात. पश्चिम रेल्वेवर खार-गोरेगाव सहाव्या मार्गिकेसाठी २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये महिनाभर ब्लॉक चालला आणि शेकडो लोकल रद्द झाल्या. लोकांनी तो सोसला, कारण काम कुठून कुठपर्यंत आणि कधी संपणार हे आधी सांगितले होते. तशी माहिती एरवीही मिळाली तर प्रवासी सहकार्य करतात, हा अनुभव आहे. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची तपासणी होते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. उद्घाटनाच्या घाईसाठी या टप्प्याला हात लावता कामा नये.

एमयूटीपीची कामे करणारे मुंबई रेल्वे विकास महामंडळ (एमआरव्हीसी) १९९९ मध्ये स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्याचा ४९. पण पुनर्वसन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए), संपादन जिल्हाधिकाऱ्यांकडे, ब्लॉक मध्य किंवा पश्चिम रेल्वेकडे, पोहोचरस्ते महापालिकेकडे. प्रत्येकाकडे आपापल्या भागाचा कागद आहे. संपूर्ण तारखेला उत्तरदायी असा एकही अधिकारी नाही. दीडशे कोटींवरच्या केंद्रीय प्रकल्पांची मूळ आणि सुधारित मुदत केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय प्रसिद्ध करते, अर्थसंकल्पासोबतच्या पिंक बुकात निधी दिसतो, पण सायनचा पूल किंवा दिघ्याची घरे या पातळीवरची माहिती दोन्हीकडे नसते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवासी दगावले. त्यानंतर आपोआप बंद होणाऱ्या दरवाजांची घोषणा झाली. दरवाजे हवेतच. पण गर्दी कमी करायची तर फेऱ्या वाढल्या पाहिजेत, फेऱ्यांना रूळ लागतात, आणि रुळांचे काम कुठे अडले आहे ते लोकांना दाखवले जात नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती कोणी न मागता प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणून एमआरव्हीसीने दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत प्रत्येक प्रकल्पाचे एक पान मराठीत संकेतस्थळावर टाकावे आणि त्या मार्गावरच्या स्थानकांत लावावे. वर मंजुरीच्या वेळची मूळ मुदत, ती कधीही न पुसता. खाली प्रत्येक अडलेला तुकडा ओव्हरहेड वायरच्या खांब क्रमांकानिशी, त्याची लांबी, तो कशासाठी आणि कोणत्या दिवसापासून अडला आहे, आणि पुढची कृती कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने करायची. मागितलेले, मिळालेले आणि वापरलेले ब्लॉकचे तास. मुदत बदलली तर बदलाच्या आदेशाचा क्रमांक. सुरुवात कुर्ला-परळपासून करावी, आणि पहिल्याच पानावर सायनच्या पोहोचरस्त्यांची महापालिकेने दिलेली तारीख लिहावी.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली