सरकारी कागदावरची एक कारवी आणि डोंगरावरच्या अनेक : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

विषय : कारवीच्या सर्व जातींची स्वतंत्र नोंद आणि फुलोऱ्याच्या वर्षातील संरक्षण

महोदय,

सह्याद्रीच्या उभ्या उतारावर चढताना ज्या झुडपाची काठी धरून माणूस स्वतःला वर ओढून घेतो, त्या कारवीविषयी हे पत्र आहे. कारवीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते, पण ते सात-आठ वर्षांतून एकदा, डोंगर जांभळा झाला की. फुले सरली की लिहिणेही सरते, आणि मधल्या वर्षांत तीच वनस्पती रस्त्याच्या, प्लॉटच्या किंवा वृक्षलागवडीच्या आड येणारे रान म्हणून साफ केली जाते. मला आपल्यापुढे मांडायची आहेत ती ही मधली वर्षे. त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे : कारवी ही एक वनस्पती नाही.

अडुळसा आणि कोरांटी ज्या वासक कुलातल्या, त्याच कुलातली स्ट्रोबिलँथिस ही प्रजाती, म्हणजे कारवीच्या सगळ्या जाती ज्यात येतात तो गट. १८२६ साली ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. शंकू आणि फूल या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे, आणि कळीच्या अवस्थेतला तिचा फुलोरा पाहिला की ते नाव लगेच पटते. आशियाच्या उष्ण प्रदेशात या प्रजातीच्या चारशेच्या आसपास जाती आहेत, भारतात दीडशेच्या आसपास. त्यांतल्या कितीतरी फक्त पश्चिम घाटात वाढतात, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती दक्षिणेची नीलकुरिंजी. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या जाती संख्येने कमी आहेत, पण त्यांच्यातला फरक डोळ्यांना सहज दिसेल इतका ठळक आहे.

डोंगरउतारावर दोन-तीन माणसे बुडतील अशी दाट वाढते ती खरी कारवी, स्ट्रोबिलँथिस कॅलोसा. तिच्या खोडावर बारीक गाठी असतात, पाने मोठी, दंतुर आणि तळहाताला खरखरीत लागणारी. उन्हाळ्यात तिची पाने गळतात, आणि नुसत्या काठ्यांचा तो पट्टा पाहून नवख्या माणसाला सगळे मेले असे वाटते. कासच्या आणि आसपासच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, दिसणारी टोपली कारवी, म्हणजे स्ट्रोबिलँथिस सेसिलिस, वेगळीच. ती कमरेच्या वर जात नाही. वाऱ्याचा मार खाऊन ती इतकी घट्ट, गोल वाढते की कोणी सड्यावर टोपल्या पालथ्या घालून ठेवल्या आहेत असे वाटावे. तिच्या पानांना देठ जवळजवळ नसतोच. वायटी या आणखी एका जातीचे फुलोरे गोलसर आणि चिकट असतात. फुले तोडायला जावे तर बोटांना डिंकासारखे काही लागते आणि त्याचा उग्र वास बराच वेळ हातावर राहतो. तिच्या शास्त्रीय नावाचा, इक्सिओसेफालाचा, अर्थही चिकट डोक्याची असाच आहे. याशिवाय दाट जंगलाच्या सावलीत वाढणाऱ्या, आखरा किंवा आकरा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जाती आहेत. आणि स्ट्रोबिलँथिस वारीएन्सिस आहे, जिच्या नावात सावंतवाडीचे वाडी संस्थान कायमचे राहिले आहे. एका जिल्ह्याच्या मातीचे नाव जगभरच्या वनस्पतिसंग्रहांत पोहोचवणारे हे झुडूप त्या जिल्ह्यात किती जणांना ओळखता येईल, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो.

या जातींचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य फुलण्याच्या काळात आहे. खरी कारवी सात वर्षे नुसती वाढते, आठव्या पावसाळ्यात एका डोंगरावरची जवळजवळ सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली, मग २०१६ साली, मग २०२४ साली. नीलकुरिंजीचे चक्र बारा वर्षांचे : २००६, २०१८, आणि आता २०३०. पण हे चक्र सगळ्या प्रजातीला सारखे नाही आणि एका जातीच्या सगळ्या डोंगरांवरही सारखे नाही. एका रांगेतली कारवी फुलते तेव्हा शेजारच्या रांगेतली तीन वर्षांची असू शकते. म्हणजे प्रत्येक जातीचे, आणि खरे तर प्रत्येक डोंगराचे, स्वतःचे पंचांग आहे.

एकदम फुलण्यामागचे कारण अभ्यासकांनी असे मांडले आहे की एका वर्षी एवढे बी तयार होते की ते खाणारे किडे आणि प्राणी कितीही खाऊन पुरे पडत नाहीत, आणि उरलेले बी रुजते. जी झाडे चुकून आधी किंवा उशिरा फुलतात, त्यांचे बी बहुधा खाल्ले जाते. फुलोऱ्याच्या काळात सातेरी आणि आग्या मोहोळांच्या माश्या त्यावर तुटून पडतात. कारवीच्या मधाला डोंगरातली माणसे औषधासारखा जपतात, तो मध या एका हंगामाचा.

फुलल्यानंतर काय होते ते फार थोड्यांनी पाहिलेले असते, म्हणून ते सविस्तर सांगतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुले येतात. मग फळे धरतात, पण ती लगेच उघडत नाहीत. झाड वाळते, आणि वाळलेल्या काठ्यांवर ती सुकी फळे हिवाळा आणि अख्खा उन्हाळा तशीच राहतात. जूनमध्ये पहिला पाऊस त्यांच्यावर पडला, ओल आत शिरली, की ती तडकतात. अशा एका सकाळी मी कारवीच्या पट्ट्यात उभा होतो. पाऊस थांबून अर्धा तासही झाला नव्हता आणि चारही बाजूंनी तडतड असा आवाज येऊ लागला, जणू कोणी दूरवर लाह्या भाजत आहे. गालावर एक बी येऊन आपटले. फळ हातात घेऊन पाहिले तर दोन शकले उलगडलेली होती आणि आत बी उडवणारे बारीक आकडे स्पष्ट दिसत होते. सात वर्षांची कमाई त्या एका आठवड्यात जमिनीवर पडते.

आता यातली अडचण आपल्या लक्षात येईल. फुलोरा आणि बी पडणे यांच्यामध्ये आठ-नऊ महिने जातात, आणि त्या महिन्यांतच फेब्रुवारी ते मे हा वणव्यांचा काळ येतो. त्या वर्षी उतारावर वाळलेल्या काठ्यांचे रान उभे असते, आगीला त्याहून सोयीचे काही नाही. इतर कोणत्याही वर्षी वणवा लागला तर नुकसान होते, पण मुळे जगली तर झुडूप पुन्हा फुटते. फुलोऱ्यानंतरच्या उन्हाळ्यात वणवा लागला तर फुटायला काही उरलेलेच नसते, कारण आईझाड आधीच मेलेले आणि बी काठीवरच जळालेले. फुले पाहायला गर्दी होते तेव्हा बंदोबस्त असतो. फुले गेल्यावर, ज्या महिन्यांत खरी राखण हवी, त्या महिन्यांत तिथे कोणी फिरकत नाही.

दुसरे नुकसान साफसफाईच्या नावाखाली होते. काही वर्षांपूर्वी एका घाटमाथ्याखालच्या उतारावर मी दर पावसाळ्यात जात असे. माझ्या वहीप्रमाणे तिथली कारवी सहाव्या वर्षात होती. त्या मे महिन्यात यंत्र लावून ती मुळासकट काढली गेली आणि तिच्या जागी रोपे लावण्यासाठी ओळीने खड्डे घेतले गेले. हे कोणी केले हे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. करणाऱ्यांचा हेतू झाडे वाढवण्याचाच होता, आणि दुःख नेमके त्याचेच आहे. दोन वर्षे थांबले असते तर तो उतार फुलला असता आणि त्याचे बी पडले असते. पहिल्याच पावसात खड्ड्यांची सैल माती ओघळून खालच्या ओढ्यात गेली, कारण तिला धरून ठेवणारी मुळे काढून टाकलेली होती. जिथे मोठे झाड मुळात उभे राहत नाही अशा उतारावर आणि सड्यावर निसर्गाने झुडूप ठेवले आहे ते काही झाड लावायचे राहून गेले म्हणून नव्हे.

तिसरी गोष्ट नावांची, आणि ती दिसते तेवढी किरकोळ नाही. १९४४ साली ब्रेमेकाम्प या डच अभ्यासकाने या प्रजातीचे अनेक लहान प्रजातींत विभाजन केले. तेव्हापासून आपली कारवी काही ठिकाणी कार्विया कॅलोसा झाली, टोपली कारवी प्लिओकॉलस झाली, इतर काही जाती निलगिरीअँथस झाल्या. पुढे अभ्यासकांनी बहुतेक सगळ्या पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये आणल्या. जुन्या यादीत एक नाव, नव्या यादीत दुसरे, आणि स्थानिक नाव तर तालुक्यागणिक बदलणारे. आखरा हेच नाव एकाहून अधिक जातींना लावले जाते. अशा वेळी दोन याद्या शेजारी ठेवल्या तर एकच वनस्पती दोनदा मोजली जाते, किंवा दोन वनस्पती मिळून एक ठरते. जिची मोजणीच झाली नाही ती जात कमी झाली हे कोणाच्या लक्षात येणार?

यावर तोडगा म्हणून सरसकट तोडबंदी आणावी, असे मी म्हणणार नाही. कारवीच्या काठ्यांचे कूड उभारून, त्यावर माती-शेणाचा लेप देऊन घरे बांधणारे वारली, कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी या झुडपाला आपल्या सर्वांहून अधिक ओळखतात. वारली चित्रे ज्या भिंतींवर काढली गेली त्या भिंतीच्या आत कारवी आहे. बी गळून गेल्यावर उभी राहिलेली वाळकी काठी नेल्याने जंगलाचे काही बिघडत नाही. ती नेमकी केव्हा न्यावी हे त्यांना माहीत आहे, आणि या पत्रात मी जे पंचांग मागणार आहे त्याची अर्धी पाने त्यांच्या आठवणीत आधीच लिहिलेली आहेत. तमिळनाडूतले पळियर लोक कुरिंजीच्या फुलोऱ्यावरून वय मोजत असत, असे सांगितले जाते. आपल्याकडच्या पाड्यावरही ‘मागची कारवी फुलली तेव्हा थोरलीचे लग्न झाले’ अशी गणना ऐकायला मिळते.

दक्षिणेतल्या एका राज्याने काय केले तेही पाहावे. केरळने २००६ च्या फुलोऱ्याच्या वर्षी मुन्नारजवळ कुरिंजीसाठी ३२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर केले. त्याच्या सीमेवरून पुढे बरेच वाद झाले आणि ते विसरून चालणार नाही, पण एका झुडपासाठी अभयारण्य करता येते हे त्यातून सिद्ध झाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत नीलकुरिंजीचा समावेश झाला आहे. तिच्या महाराष्ट्रातल्या बहिणींना अशी ओळख मिळालेली नाही. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली तेव्हा कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार ठिकाणे त्यात आली. टोपली कारवीचे काही सडे त्यामुळे सुरक्षित झाले. खऱ्या कारवीचे बरेचसे उतार मात्र त्या सीमांच्या बाहेर आहेत.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की वनविभागाच्या कार्य आयोजनांत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या दीर्घ आराखड्यांत, आणि गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांत ‘कारवी’ अशी एक ओळ न लिहिता प्रत्येक जातीची वेगळी नोंद व्हावी. तिच्यासोबत तिची स्थानिक नावे, जुनी-नवी शास्त्रीय नावे आणि गेल्या फुलोऱ्याचे वर्ष लिहावे. हे काम अवघड नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे आणि तिथल्या वनस्पतिसंग्रहाचा आधार घेता येईल. वनरक्षकांना पान, खोड आणि फुलोरा पाहून चार-पाच जाती ओळखायला शिकवायला एक पावसाळा पुरतो; मी हे विद्यार्थ्यांबरोबर करून पाहिले आहे.

त्या नोंदींतून प्रत्येक वनपरिक्षेत्राचे फुलोऱ्याचे पंचांग तयार करता येईल. अधिकाऱ्याची बदली तीन वर्षांनी होते, कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते आणि कारवीचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. त्यामुळे ही माहिती माणसाबरोबर न जाता बीटवर, म्हणजे वनरक्षकाच्या हद्दीच्या नोंदीत, लिहिलेली राहिली पाहिजे. ज्या उतारावर कारवी फुलली, तिथे त्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षीचे बी पडेपर्यंत तोड, खोदकाम आणि वृक्षलागवड थांबवावी. तिथल्या जाळरेषा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी मोकळ्या केलेल्या पट्ट्या, इतर ठिकाणांच्या आधी, जानेवारीतच, पूर्ण कराव्यात. ज्या उतारावर झुडपे आहेत तिथे लागवडीचे खड्डे मुळातच घेऊ नयेत, असा स्पष्ट आदेश असावा.

शेवटची विनंती आपल्या सरकारच्या थेट अधिकारातली आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३७ प्रमाणे राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळे जाहीर करता येतात. सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या जायफळवर्गीय झाडांच्या देवराईला आपण हा मान दिला आहे. तसाच निदान एक उतार, एक सडा आणि सावलीतल्या जातींचा एक जंगलपट्टा कारवीच्या प्रजातीसाठी निवडावा, आणि निवड करताना आसपासच्या ग्रामसभांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे.

मुंबईत २०२४ साली फुललेल्या कारवीची पुढची पिढी २०३२ च्या पावसाळ्यात फुलणे अपेक्षित आहे. तोपर्यंतचे सगळे उन्हाळे त्या रोपांना काढायचे आहेत, आणि नोंदवहीचे पहिले पान भरायला येणारा पावसाळा सोयीचा आहे. वनरक्षकांच्या प्रशिक्षणासाठी माझ्या वह्या आणि माझा वेळ मी आनंदाने देईन.

आपला नम्र,
सह्याद्रीतील वनस्पतींचा एक अभ्यासक