आरतीनंतरच्या भाषणाबद्दल पालकमंत्र्यांना खुलं पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मंदिराच्या जीर्णोद्धाराला तुम्ही आलात, सपत्नीक पूजेला बसलात, आरती केलीत. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आरतीला मीही हात जोडून उभा होतो. तक्रार आहे ती त्यानंतर माइक हातात घेऊन तुम्ही जे बोललात त्याची. विधानसभेला बटण दाबताना आपला देव डोळ्यांपुढे आणा, म्हणालात. बाजारात काही घेण्याआधी दुकानदाराचं नाव विचारा, असंही म्हणालात. टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या.

तेव्हा मंडपाच्या कडेला एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत निवेदन घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या वाडीवरची पाण्याची टाकी बांधून झाली आहे, पाइपलाइन मात्र अर्ध्यावर थांबली आहे. तुम्ही स्टेजवरून उतरताना त्या पुढे सरकल्या, तर तुमच्या कार्यकर्त्याने त्यांना अडवलं. "मावशी, धार्मिक कार्यक्रम आहे, इथं राजकारण नको." त्याच माइकवरून मतं मागून पाच मिनिटंही झाली नव्हती.

माझी खरी हरकत इथे आहे. मंत्री मंत्री म्हणून बोलला तर त्याला उलट विचारता येतं, निधी कुठे गेला म्हणून धारेवर धरता येतं. तोच देवाच्या वतीने बोलू लागला की त्याला प्रश्न विचारणारा धर्माच्या विरोधात जातो. पाइपलाइनचा प्रश्नसुद्धा मग अपशकुन वाटू लागतो. यात देवाचा काय फायदा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुमचा कसा होतो ते दिसतंच आहे.

हा पेच घटनाकारांपुढेही आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ ला संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी दुरुस्ती मांडली. तिला विरोध करणारे काही सगळे नास्तिक नव्हते. पट्टम थाणू पिल्लै स्वतः श्रद्धाळू होते. तरी त्यांचं म्हणणं होतं की यातून श्रद्धेची सक्ती होते. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना विनवलं, देवावर मतदान करण्याची नामुष्की आमच्यावर आणू नका. तरीही मतदान झालं. बाजूने ४१, विरोधात ६८. देवाला मतांच्या हिशेबात ओढायला त्या सभेतल्या भाविकांना संकोच वाटला होता. तुम्हाला तो भर मंडपात वाटला नाही.

मंत्रिपदाची शपथ ईश्वरसाक्ष घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, ही मुभा घटनेने तुम्हाला दिली आहे. पण पुढचं वचन दोन्हींत एकच आहे: कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन. तुम्ही ईश्वरसाक्ष शपथ घेतली होती. मग दुकानदाराचं नाव विचारायला सांगताना तुम्ही नेमकं कुणाला दिलेलं वचन मोडत होता, हे तुमच्यासारख्या भाविकाला मी काय सांगावं?

कायद्याचंही बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): धर्माच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केलं की उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करूनही मत मागता येणार नाही. तुमचे वकील म्हणतील, साहेबांनी अजून अर्जच भरलेला नाही, ते उमेदवारच नाहीत. म्हणू देत. आणि "त्या लोकांचं काय, त्यांचे धर्मगुरू फतवे काढतात तेव्हा?" असं तुम्ही विचारणार असाल, तर हा निकाल त्यांनाही लागू आहे आणि हे पत्रही.

धर्माने चार भिंतींत गप्प बसावं असं मी म्हणत नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले ते विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून. तेही चव्हाट्यावरच होतं आणि श्रद्धेतूनच होतं. फक्त त्यांनी बंद दार उघडायला लावलं, आणि बदल्यात मत मागितलं नाही.

मागणं दोनच आहे. बाजाराबद्दलचं विधान जाहीर सभेत, माइकवरूनच मागे घ्या. त्या बाजारात बसणारे सगळेच तुमच्या जिल्ह्याचे नागरिक आहेत. आणि जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तुम्हीच आहात, तेव्हा पुढच्या बैठकीत त्या पाइपलाइनचा विषय घ्या, निधी कुठे अडला ते लेखी कळवा.

उत्तर आलं नाही तर तुम्ही उमेदवारी अर्ज भराल त्या दिवशी हेच पत्र पुन्हा पाठवीन. तेव्हा वकिलांची ती पळवाट उरलेली नसेल.

कळावे,
आपल्या जिल्ह्यातला एक मतदार