एकांकिका म्हणून गेलो, निघालं दोन अंकी

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या शनिवारी तुमच्या पेपरात शहरातल्या कार्यक्रमांच्या यादीत एका नाटकापुढे 'एकांकिका' असं छापलं होतं, ते वाचून आईला घेऊन गेलो, म्हटलं पाऊण तासाचं काम आहे, आठपर्यंत घरी जेवायला. तिला शुगर आहे, जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. तास-सव्वा तासाने पडदा पडला, आम्ही टाळ्या वाजवून चपला शोधायला लागलो तर शेजारचे काका म्हणाले, "अहो बसा, दुसरा अंक आहे अजून." मग काय, मध्यंतरात बटाटेवडा आणि बिनसाखरेचा चहा. नाटक झकास होतं हां, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार शब्दाची आहे. एका अंकात उरकतं ती एकांकिका, मध्यंतर घेऊन दोन झाले की दोन अंकी, आणि अंक एकच पण चांगला तास-दीड तास चालला तर त्याला आता दीर्घांक म्हणतात. कॉलेजच्या पोरांना हे पाठ असतं, पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची नाट्यस्पर्धा १९६३ पासून एकांकिकांवरच तर चाललीय. आणि अंक म्हणजे प्रवेश, म्हणजे सीन, पण नाही, एका अंकात चार प्रवेश असू शकतात, तुमच्या परीक्षणात हे दोन्ही सर्रास एकाच्या जागी दुसरं येतं.

शिवाय ते 'एकांकी स्पर्धा'. हिंदीत एकांकी म्हणतात ते ठीक, आपल्याकडे एकांकिका हा चांगला रुळलेला शब्द असताना ते कशाला? वरचा अनुस्वार उडाला की 'एकाकी स्पर्धा' होते, आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर झालीच होती!

कालिदासाचं शाकुंतल सात अंकी, पण नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्याचा मराठी प्रयोग केला तेव्हा पहिले चारच अंक केले. म्हणजे आज किती अंक बघायला मिळणार हा प्रश्न प्रेक्षकाला तेव्हापासूनचा आहे.

आमचा भाचा चौथीत आहे, शाळेत दोन अंकी संख्या झाल्यात. दोन अंकी नाटक म्हटल्यावर त्याने विचारलं, म्हणजे तिकीट ९९ च्या आत का? त्याला काय सांगणार, तिकीट तीन अंकी होतं.

तेवढं नाटकाच्या नावापुढे अंक किती आणि वेळ किती हे छापत जा, म्हणजे आम्ही डबा घेऊन येऊ.

एक वाचक, नाशिक