कोलोनिचची कारकीर्दही वाचकांना सांगा

महोदय,

१५ जुलै हा हंगेरीचा कनोइंगपटू द्यॉर्द कोलोनिच याचा स्मृतिदिन. २००८ साली बीजिंग ऑलिंपिक महिन्याच्या आत येऊन ठेपले असताना बुडापेस्टमध्ये सराव करता करता होडीतच त्याच्या हृदयाने दगा दिला. वय अवघे ३६. त्याचे नाव निघते ते बहुधा ऐन उमेदीत गेलेल्या खेळाडूंच्या यादीत. सोळा वर्षांच्या कारकिर्दीची बोळवण अशी एका ओळीत व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कनोइंग म्हणजे नेमके काय, हे आधी सांगायला हवे, कारण कयाकिंगशी त्याची सर्रास गल्लत होते. कयाकमध्ये खेळाडू बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने दोन्हीकडे पाणी मारतो. कनूत तो एका गुडघ्यावर टेकतो, दुसरा पाय पुढे रोवतो आणि एकाच बाजूने वल्हवतो. होडी इतकी अरुंद की नवख्याला तिच्यात तोल धरणेच कठीण. सुकाणू नसते. एकाच बाजूने मारल्यावर नाक दुसरीकडे वळणारच. ते सरळ ठेवायचे तर प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्हे किंचित फिरवावे लागते, आणि तेही वेग न घालवता. आम्ही सांगलीकर कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती काठावरून ओरडत पाहतो, त्यामुळे वल्हवणाऱ्यांचा मेळ म्हणजे काय याची थोडीफार जाण आहे. दोघांच्या कनूत एक डावीकडून, एक उजवीकडून वल्हवतो. लय जराशी चुकली तरी होडी लगेच हेलकावते.

कोलोनिचचे मोठेपण इथेच आहे. १९९२ च्या बार्सिलोनात तो पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. १९९६ ला अटलांटात चाबा होर्वाथच्या साथीने दुहेरी ५०० मीटरचे सुवर्ण जिंकले, मोल्दोव्हाच्या जोडीला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी फरकाने मागे टाकून. त्याच जोडीने १००० मीटरचे कांस्यही घेतले. चार वर्षांनी सिडनीत गडी एकटा! त्या दिवशी वारा असा सुटला होता की अंतिम शर्यती लांबणीवर टाकाव्या लागल्या. एकाच बाजूने वल्हवणाऱ्याचे अशा वाऱ्यात काय हाल होतात, याची कल्पना करून पाहा. कोलोनिचला ५०० मीटरला २ मिनिटे २४ सेकंद लागली, तरी रशियाच्या मक्सिम ओपालेव्हच्या पुढे जवळपास एका सेकंदाने राहून त्याने सुवर्ण नेले. माझ्या मते ती त्याची सर्वांत थोर शर्यत. पुढे अथेन्सला, २००४ मध्ये, तो पुन्हा जोडीत आला. जोडीदार नवा, द्यॉर्द कोझमान, आणि १००० मीटरचे कांस्य. जागतिक स्पर्धांतली १५ सुवर्णपदके निराळीच.

बीजिंग त्याचे पाचवे ऑलिंपिक ठरले असते. तो गेल्यावर कोझमानसोबत तरुण तमाश किशला होडीत घेतले. एरवी दोघांची लय जुळायला वर्षे जातात, यांच्या हाती जेमतेम काही आठवडे होते. तरीही त्यांनी १००० मीटरचे कांस्य मिळवले आणि ते कोलोनिचला अर्पण केले.

याच शर्यतीत, दुहेरी १००० मीटर कनूत, आपल्या अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत कांस्य जिंकले. ते कोणत्या पाण्यात सराव करतात, कोण कोणत्या बाजूने वल्हवतो, लय कोण ठरवतो, हे वाचायला मिळावे अशी फार इच्छा आहे. आपल्या क्रीडा पुरवणीत या दोघांवर सविस्तर लेख द्यावा, आणि येत्या १५ जुलैला कोलोनिचचा सिडनीतला फोटो छापता आला तर अवश्य छापावा.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली