आप्पाच्या वाट्याचा रोट

चि. बाळा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपले फोनवर रोज बोलणे होते, तरीही हे पत्र कागदावर लिहीत आहे. जे सांगायचे आहे ते "बाबा, एक मिनिट, दुसरा कॉल येतोय" म्हणून अर्ध्यात तुटू नये, आणि तू ते घाईत न वाचता एखाद्या सुटीच्या सकाळी निवांत बसून वाचावेस, एवढाच त्यामागचा हेतू आहे. सूनबाईंना दाखवायचे असल्यास जरूर दाखव. मात्र याचा फोटो काढून कुठेही टाकू नकोस.

यंदा नागपंचमीनंतरच्या रविवारी नेहमीप्रमाणे घरात आपल्या खानदेशची देवी कानबाई बसली. आदल्या दिवशी तुझी आई देवीच्या प्रसादाच्या रोटाचे धान्य मोजायला सूप पुढे घेऊन बसली होती. आपल्या घरी कुळातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. 'माझी मूठ कुठली' म्हणून तू त्या सुपात बोट घालायचास आणि आजी तुझा हात बाजूला सारायची. माझ्या नावाची मूठ झाली, तुझ्या नावाची झाली, आणि माझ्या धाकट्या भावाचे, आप्पाचे, नाव आले तेव्हा तुझ्या आईचा हात पायलीतच थांबला. तिने माझ्याकडे पाहून फक्त "घ्यायची ना?" एवढेच विचारले. गेल्या चाळीस वर्षांत हा प्रश्न आपल्या घरात कोणी विचारला नव्हता. मी घ्यायला सांगितले. तिने आप्पाची, त्याच्या दोन्ही मुलांची आणि नातवाची मूठ घेतली, पण रविवारी रात्री जागरणाला त्यांच्यापैकी कोणी आले नाही, आणि सोमवारी सकाळी बोरी नदीवर विसर्जनाला निघालो तेव्हा कानबाईचा पाट डोक्यावर घ्यायला पहिल्यांदाच आप्पाचा खांदा शेजारी नव्हता.

याचे कारण तुला ठाऊक आहे. आषाढात आप्पाने घरच्या ग्रुपवर एक संदेश पुढे ढकलला होता, मुले पळवणारी टोळी तालुक्यात उतरली आहे, अनोळखी माणसांपासून सावध राहा, अशा मजकुराचा. तू त्याखाली लिहिलेस की हा संदेश खोटा आहे, असले काही पाठवण्याआधी थोडी अक्कल वापरावी, आणि ज्यांना खरे-खोटे कळत नाही त्यांनी फोन वापरणेच बंद करावे. ग्रुपमध्ये तेव्हा चौतीस माणसे होती. त्यात आप्पाच्या मोठ्या सुनेच्या माहेरची दोन माणसेही होती, कारण लग्नाच्या वेळी आपणच त्यांना हौसेने जोडून घेतले होते.

तू जे म्हणालास ते खरे होते, हे आधी लिहून ठेवतो. राईनपाडा आपल्यापासून फार लांब नाही. साक्री तालुक्यातल्या त्या गावात १ जुलै २०१८ रोजी, रविवारच्या बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. त्यामागे असल्याच संदेशांनी पसरवलेली भीती होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी फक्त पाच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी शाळेत होतो तेव्हाही मुलांना हेच सांगत असे की ऐकलेली गोष्ट पुढे सांगण्याआधी ती कोणी पाहिली हे विचारा. म्हणून आप्पा चुकला, यात मला तिळमात्र शंका नाही, आणि तू गप्प बसायला हवे होतेस असेही माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे वेगळ्या गोष्टीबद्दल आहे. चूक आप्पाची एकट्याची होती आणि तिची शिक्षा त्याला चौतीस माणसांसमोर मिळाली. हेच तू फोन करून त्याला सांगितले असतेस तर तो दोन मिनिटे कुरकुरला असता, "बरं, पुसतो" म्हणाला असता आणि संध्याकाळी ओट्यावर येऊन "पोऱ्या हुशार झाला" असे मलाच कौतुकाने सांगून गेला असता. हा माझा अंदाज नाही. आप्पाला मी जन्मापासून ओळखतो. पण व्याह्यांच्या देखत पुतण्याने अक्कल काढल्यावर त्याला मागे यायला वाटच उरली नाही. रुसवा ही घरातली गोष्ट आहे. घरात दोन-तीन माणसांपुरता असतो तोवर तो जेवणाच्या ताटाबरोबर विरघळतो, कारण रुसणाऱ्याला माघार घेताना पाहणारे कोणी नसते. त्याला बघे मिळाले की रुसलेला माणूस आपल्या रागाचाच कैदी होतो, आणि कालपर्यंत त्याच्याशी बोलणारी माणसे आज तो काय करतो हे पाहू लागतात.

त्या रात्री पावणेबारा वाजता मला फोनवर ओळ दिसली की आप्पाने ग्रुप सोडला. हल्ली ही सूचना सगळ्यांना जात नाही, फक्त ॲडमिनला जाते. त्यामुळे मला कळले आणि तुझ्या आईला सकाळी मी सांगेपर्यंत कळले नाही. ॲडमिन म्हणून तुझा संदेश मला पुसता आला असता. मी पुसला नाही, कारण पुसल्याची खूण तिथे तशीच राहते आणि ती खूण पाहून प्रत्येक जण काय लिहिले होते हे दुसऱ्याला विचारतो. तुला स्वतःला तो सर्वांच्या फोनवरून काढून टाकायला दोन दिवस बारा तासांची मुदत होती. मी वाट पाहिली. ती मुदत गेली, आणि त्याऐवजी तिसऱ्या दिवशी तुझे स्टेटस आले.

त्या स्टेटसमध्ये कोणाचे नाव नव्हते. वयाने मोठे झाले म्हणजे शहाणपण येतेच असे नाही, एवढेच एक वाक्य होते. पण ज्याला लागायचे त्याला ते बरोबर लागले, आणि आप्पाच्या मोठ्याने तासाभरात आपल्या स्टेटसवर उत्तर दिले की शिक्षणाला पैसे देणाऱ्यांचे उपकार लोक पुण्याला गेल्यावर विसरतात. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप जाते खरे, पण ते कोणी कोणी पाहिले याची यादी टाकणाऱ्याला दिसते. तू ती यादी पाहिली असणार, त्यानेही पाहिली असणार. दोघे भाऊ एकमेकांशी एक शब्दही न बोलता दिवसभर भांडत होता, आणि सगळे गणगोत ते भांडण फोन उघडून-उघडून पाहत होते. पूर्वी दोन भावांत बोलणे बंद झाले तर निदान शांतता तरी असे.

पैशांचा विषय त्याने काढायला नको होता, आणि त्याबद्दल मी त्याला समक्ष बोललो आहे. तरी तो विषय निघालाच आहे तर एक गोष्ट तुला माहीत असावी. तुझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती तेव्हा माझ्या हाती पैसा नव्हता. आप्पाच्या घरात कापूस भरलेला होता आणि भाव पडलेला होता, म्हणून सगळे गाव थांबले होते. आप्पाने एका सकाळी व्यापाऱ्याची गाडी बोलावली आणि काट्यावर कापूस चढवला. महिन्याभराने भाव वाढला तेव्हा तो एक अक्षर बोलला नाही, आणि तुला हे कळू द्यायचे नाही असे त्याने माझ्याकडून वचन घेतले होते. आज मी ते मोडत आहे.

मला या फोनचा राग नाही, हेही तू जाणतोस. तुझी आई रोज रात्री आठ वाजता चष्मा पुसून तयार बसते, कारण तेव्हा नात पडद्यावर येते आणि तिला दात दाखवते. २०२० च्या टाळेबंदीत सुरतची आत्या येऊ शकली नाही तेव्हा आजीचा दहावा तिने याच फोनवर पाहिला आणि रडून मोकळी झाली. मात्र हे यंत्र कशावर चालते ते मला हळूहळू उमगत गेले. फेसबुकवर २००९ साली लाईकचे बटन आले, तेव्हापासून माणूस बोलायच्या आधी ते कितीजणांना आवडेल याचा हिशेब करू लागला. २०१४ च्या अखेरीस व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा आल्या आणि 'वाचले तरी उत्तर दिले नाही' हे नवेच दुखणे घराघरांत शिरले. पत्राच्या काळात उत्तराला आठ दिवस लागले तरी आपण टपालाला दोष देत असू. आता आठ मिनिटे झाली की माणसाला दोष देतो. आप्पाने तुझ्या त्या संदेशानंतर तुला एकट्याला एक ओळ पाठवली होती, असे तो सांगतो. तुझ्याकडे निळ्या खुणा उमटल्या आणि उत्तर गेले नाही. तू मीटिंगमध्ये असशील, रागात असशील, किंवा नुसतेच उघडून बाजूला ठेवले असशील. आप्पाने मात्र तो फोन दोन दिवस उशाशी ठेवला होता, असे काकूने तुझ्या आईला सांगितले.

यात माझी चूक आहे, ती मी लपवत नाही. आप्पाने ग्रुप सोडला ती रात्र मी जागून काढली आणि सकाळी आप्पाच्या घरी गेलो नाही. दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. मी ग्रुपवर 'सर्वांनी शांत राहावे' असे लिहिले आणि आपले काम झाले असे समजलो. माझे वडील असते तर काठी टेकत गेले असते, आप्पाच्या ओट्यावर बसून पाणी मागितले असते आणि पाणी पिऊन होईस्तोवर विषय संपवला असता. मोठ्या माणसाचे ते काम मी एका ओळीवर भागवले, आणि ते दीड महिना मला सलत राहिले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाविषयी तू वाचले असशील. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गाव टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवते. आपल्या गावात तसे होईल असे मला वाटत नाही, आणि भोंग्याची वाटही पाहायची नाही. कानबाईपासून आम्ही दोघांनी सातनंतर फोन कोनाड्यात ठेवायला सुरुवात केली आहे, आठला तुझ्या लेकीची वेळ झाली की तेवढा काढतो. पहिले दोन दिवस काय बोलावे हे सुचले नाही. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने आप्पाचा विषय काढला, आणि तिच्या मनात काय काय साचले होते ते मला तेव्हा कळले.

त्या बोलण्यानंतर रोटाचा डबा घेऊन मी निघालो. रोट भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचा नसतो, तो घरातल्यांनीच संपवायचा असतो, आणि आप्पाच्या वाट्याचा रोट फडक्यात तसाच होता. तो खाटेवर बसला होता. मला पाहून उठला नाही, पण सरकून जागा केली. मी डबा पुढे ठेवला. बराच वेळ तो झाकणाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "दादा, मी चुकनू. पन माले एकटाले सांगाले काय व्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने रोटाचा तुकडा मोडला, कपाळाला लावला आणि खाल्ला. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आला आणि चपला घालताना माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "पोऱ्या कसा शे?"

बाळा, ग्रुपवर माफी मागू नकोस. तिथे लिहिलेस तर ते पुन्हा सगळ्यांसमोर होईल, आणि मग आप्पाला मोठ्या मनाने माफ केल्याचे दाखवणे भाग पडेल. त्याला फोन कर आणि त्यात राईनपाड्याचा विषय काढू नकोस, त्याने वर्तमानपत्रातले जुने कात्रण माझ्याकडून मागून वाचले आहे. त्याच्या मोठ्याशी तुला बोलावेसे वाटेल तेव्हा बोल, त्याची घाई नाही. तुम्ही दोघे एका ताटात जेवलेले आहात. पितृपक्षात आजीची तिथी आहे. दरवर्षी पिंडाला आम्ही दोघे भाऊ बसतो आणि मागे तुम्ही मुले उभी असता. रजा मिळत असेल तर त्या दिवशी ये, लेकीला आणि सूनबाईंना घेऊन ये. यंदा पानाचे फोटो काढायचे नाहीत, असे तुझ्या आईने आधीच जाहीर केले आहे.

आप्पा सकाळी आठनंतर मळ्यात विहिरीवर असतो आणि तिथे रेंज मिळत नाही. साडेसातच्या आत लाव, तेव्हा तो ओट्यावर चहा घेत बसलेला असतो.

तुझे,
बाबा